दोन चक्रांचें जुनें रिव्हॉल्व्हर

आसेगांवच्या परवानाधारक गृहस्थास कोणी जुनें रिव्हॉल्व्हर विकूं म्हटल्यास, विकणारानें सरकारांत लेखी कळवून ४५ दिवस थांबावें, असें १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो. तेवढ्यांत हत्यार पारखावें. बावीसच्या एकाच नळीस दोन चक्रें असतात : एक साध्या काडतुसांचें, दुसरें मॅग्नमचें. हत्यार रिकामें असतांना घोडा अंगठ्यानें ओढून दोहोंचें प्रत्येक घर नळीशीं जुळतें का, तें पाहावें. साधें काडतूस मॅग्नमच्या घरांत शिरतें खरें, परंतु सैल बसून त्याचें कवच फुटतें; ही काटकसर नको. अमेरिकेंतील रूगर कंपनीच्या ‘सिंगल-सिक्स’चे १९७३ पूर्वींचे मूळ नग घोड्यावर आपटले, तर गोळी सुटूं शकते. म्हणून चांदमारीवरहि पांचच काडतुसें भरून घोडा रिकाम्या घरावर टेकवावा. मुलांच्या घरांत तर एकहि नको.