न दिसणे आणि नसणे : इमारतीच्या संगणकीय आराखड्यातील विजेच्या तारा

पंढरपुरातील एखाद्या जुन्या धर्मशाळेची वीजव्यवस्था नव्याने करावयाची आहे, असे समजू. वास्तू उभी राहिली तेव्हा तीत वीज नव्हती. दिवे, पंखे, पाण्याचा पंप ही सारी मागाहून, निरनिराळ्या काळी आली. आषाढी-कार्तिकीस तेथे वारकऱ्यांची दाटी होते. अशा वास्तूचा आराखडा अभियंता आज बहुधा संगणकावर तयार करतो. परंतु तार ओढणाऱ्या वायरमनच्या हाती पुष्कळदा पडतो तो छापील कागदच. त्या कागदावर कोणत्या तारा दाखवाव्यात व कोणत्या झाकाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता रेखाटनाचा वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मुळात व्याकरणाचा आहे.

उदाहरणादाखल 'रेव्हिट' ही आज्ञावली घेऊ. ती 2000 साली प्रथम बाजारात आली आणि 2002 मध्ये ऑटोडेस्क कंपनीकडे गेली. तीत दिवा, पंखा, पॅनेल या नुसत्या आकृत्या नसतात. प्रत्येकीबरोबर तिचा भार, दाब इत्यादी माहिती साठविलेली असते. या वस्तू परस्परांशी जोडल्या की परिपथ, म्हणजेच सर्किट, सिद्ध होते. कागदावरील वक्ररेषा, जिला आपण तार म्हणतो, ती या संबंधाची केवळ खूण होय. रेषा पुसली तरी परिपथ राहतो आणि त्याचा भार पॅनेलच्या तक्त्यात धरला जातो. शिवाय ही रेषा कोण कोणास जोडले आहे एवढेच सांगते; भिंतीतून तार नेमकी कोठून गेली, हे ती सांगत नाही. तो मार्ग दाखवावयाचा तर तारेची नळी स्वतंत्रपणे रेखाटावी लागते. रेषेवर विसंबून भिंतीत खिळा ठोकणारा मनुष्य खुणेलाच वस्तू समजत असतो, आणि ही चूक जिवावर बेतू शकते.

आता खुणांकडे वळू. एकाच रेषेत फेज, न्यूट्रल व अर्थिंग अशा किती तारा सामावल्या आहेत, हे तिच्यावरील आडव्या छेदांवरून कळते. प्रत्येक प्रकारास कोणता छेद द्यावा, ते वापरणाराच ठरवितो. हे छेद सर्वत्र दाखवावेत, कोठेच दाखवू नयेत, की केवळ पॅनेलकडे जाणाऱ्या रेषेवर दाखवावेत, असे तीन पर्याय असतात. दोन रेषा एकमेकींना ओलांडतात तेथे एकीत लहानसा खंड ठेवतात, म्हणजे त्या जोडलेल्या नाहीत हे स्पष्ट होते; या खंडाची रुंदीही ठरविता येते.

या खुणा संकेताने चालतात, स्वभावाने नव्हे. तारांच्या रंगांचेच पाहा. आपल्याकडे दीर्घकाळ रूढ असलेल्या चालीप्रमाणे तीन फेजना लाल, पिवळा व निळा, आणि न्यूट्रलला काळा रंग असतो. अमेरिकेत काळी तार फेजची असते. युरोपात निळी तार न्यूट्रलची. म्हणून खुणांची सूची नसलेला आराखडा कोशावाचून परभाषा वाचावयास देण्यासारखा आहे.

तारांचे दर्शन तीन पातळ्यांवर नियंत्रित होते : संपूर्ण प्रकल्पासाठी, एखाद्या दृश्यासाठी, आणि एकट्या रेषेसाठी. रेषेच्या रंग-जाडीपुरते बोलावयाचे, तर एकट्या रेषेस दिलेली सूचना दृश्याच्या सूचनेवर मात करते आणि दृश्याची सूचना प्रकल्पाच्या सामान्य सूचनेवर. वैयाकरणांच्या उत्सर्ग-अपवाद न्यायाचीच ही रीत आहे.

आता मुख्य मुद्दा. पाणिनीने लोपाचे लक्षण 'न दिसणे' असे केले आहे. 'नसणे' असे नव्हे. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्यामुळे घडणारे कार्य होते. संस्कृतातील 'वाच्' शब्दाच्या प्रथमेच्या एकवचनाचा प्रत्यय लोपतो, तरीही त्या शब्दास पदत्व येते आणि 'वाक्' हे रूप सिद्ध होते. परंतु अदर्शनाचा 'लुक्' हा दुसरा प्रकारही पाणिनीने मानला आहे. तेथे लुप्त प्रत्ययामुळे अंगावर होणारे कार्य होत नाही : एकवचनी 'गार्ग्य', पण अनेकवचनी 'गर्गाः', प्रत्ययाबरोबर आद्य स्वराची वृद्धीही गेली. दोन्ही ठिकाणी प्रत्यय सारखाच अदृश्य. भेद आहे तो मागे उरणाऱ्या कार्याचा. रेषा झाकणे हा लोप होय. वस्तू परिपथातून काढून टाकणे हा लुक्.

पडद्यावर हा भेद ओळखता येतो. 'रेव्हिट'मध्ये दिव्याचे चिन्ह असलेली एक कळ आहे. ती दाबली असता त्या दृश्यात झाकलेल्या रेषा वेगळ्या रंगात प्रकट होतात. कागदावर तशी सोय नाही. तेथे झाकलेली रेषा आणि मुळात नसलेली रेषा एकसारखीच दिसतात. धर्मशाळेच्या दालनातील तारा गर्दी टाळण्यासाठी झाकल्या असतील, तर वायरमनने ते कशावरून जाणावे? 'येथे वीज नाही' असे समजून त्याने काम आरंभिले, तर दोष त्याच्या वाचनाचा म्हणता येईल काय?

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : तारा झाकावयाच्या असतील तर त्या शक्यतो नियमाने, संपूर्ण दृश्यापुरत्या झाकाव्यात, एकेक रेषा हाताने झाकू नये, कारण अशा सुट्या अपवादांचा हिशोब राहत नाही. दुसरी : कागदावर काय दाखविले आहे याबरोबरच काय दाखविलेले नाही, याचाही उल्लेख सूचीत असावा. पाणिनी लोप कोठे होतो ते सांगतो, म्हणूनच न दिसणाऱ्या प्रत्ययावरही भरवसा ठेवता येतो. आराखड्याच्या वाचकास तेवढाच भरवसा मिळावा, इतकीच अपेक्षा आहे.