संगणक चिप उद्योगातील स्पर्धा आणि गुंतवणूक : इंटेल व ए.एम.डी.

प्रस्तावना :
मायक्रोप्रोसेसरच्या बाजारपेठेत इंटेल (स्थापना १९६८) व ए.एम.डी. (स्थापना १९६९) या दोन अमेरिकन कंपन्यांची स्पर्धा चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. सामान्यतः ती चिपच्या वेगाची स्पर्धा समजली जाते. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने मात्र चिप कोणाच्या कारखान्यात तयार होते व त्या कारखान्याच्या भांडवलाचा भार कोण वाहते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्पर्धेची पार्श्वभूमी :
१९८१ मध्ये आय.बी.एम.ने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलची ८०८८ ही चिप निवडली. परंतु दुसराही पुरवठादार असावा, असा आग्रह धरला. त्यातून १९८२ च्या करारान्वये ए.एम.डी.ला इंटेलच्या रचनेच्या चिप तयार करण्याचा अधिकार मिळाला. २००३ मध्ये ६४-बिट प्रोसेसर आणून ए.एम.डी.ने तांत्रिक आघाडी घेतली. २००६ मध्ये 'कोअर २' द्वारे इंटेलने ती परत मिळविली. या उद्योगात तांत्रिक आघाडी कायम टिकत नाही, हे यावरून दिसून येते.

कारखान्याचे अर्थशास्त्र :
अत्याधुनिक चिपच्या एका कारखान्यास आज १० अब्ज डॉलरहून अधिक भांडवल लागते. कारखाना पूर्ण क्षमतेने चालल्यास प्रत्येक चिपमागील खर्च घटतो. मागणी कमी झाल्यास मात्र घसारा तेवढाच राहतो आणि नफा झपाट्याने आटतो. विक्री प्रचंड असल्यामुळे इंटेलला स्वतःचे कारखाने हे बळ ठरले. ए.एम.डी.ला तो भार पेलवला नाही. २००९ मध्ये तिने आपले कारखाने वेगळे काढले व त्यातून ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी उभी राहिली. २०१५ मध्ये ए.एम.डी.चा समभाग दोन डॉलरच्याही खाली आला होता. तथापि २०१७ मधील 'रायझेन' प्रोसेसर व त्यानंतर तैवानच्या टी.एस.एम.सी.कडून करून घेतलेली निर्मिती यांमुळे चित्र पालटले. याच काळात इंटेलचे १० नॅनोमीटर तंत्र रखडले. २०२२ मध्ये ए.एम.डी.चे बाजारमूल्य इंटेलच्या पुढे गेले. २०२४ मध्ये इंटेलला सुमारे १९ अब्ज डॉलर तोटा झाला व लाभांश स्थगित करावा लागला. २०२५ मध्ये अमेरिकन शासनाने इंटेलमध्ये सुमारे १० टक्के भागभांडवल घेतले.

निष्कर्ष :
कारखाने नसल्याने ए.एम.डी. जोखीममुक्त झाली, असे मात्र नव्हे. तिची जोखीम भांडवलाकडून पुरवठ्याकडे सरकली असून ती मुख्यतः तैवानमधील एका उत्पादकावर अवलंबून आहे. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपमध्ये तिला एनव्हिडियाशी सामना करावा लागतो. इंटेलने निर्मितीतील मागासलेपण दूर केल्यास तेच कारखाने पुन्हा तिचे बळ ठरू शकतात. म्हणून समभागाच्या मागील चढउतारांपेक्षा भांडवली खर्च, कारखान्याच्या क्षमतेचा वापर व पुरवठ्याचे अवलंबित्व या तीन बाबी तपासूनच गुंतवणुकीचा निर्णय घेणे इष्ट ठरेल.