संकेतस्थळाचीं दालनें आणि त्यांवरील पहारा

सार्वजनिक ग्रंथालयांत येणाऱ्या प्रत्येकास सारख्याच सवलती मिळत नाहींत. वर्तमानपत्रें चाळण्यास कोणीहि यावें. परंतु पुस्तक घरीं न्यावयाचें तर वर्गणी भरली पाहिजे, आणि वरच्या वर्गाच्या वर्गणीदारास एकाऐवजीं दोन पुस्तकें मिळतात. दुर्मिळ हस्तलिखितें तर कपाटांत कुलूपबंदच असतात. ग्रंथपाल माणूस ओळखतो, त्याचें कार्ड पाहतो आणि मगच कपाट उघडतो.

संकेतस्थळांवरहि आज अशींच दालनें असतात. न्यूयॉर्क टाइम्स ह्या पत्रानें अमेरिकेंत २८ मार्च २०११ पासून महिन्यास २० लेख विनामूल्य वाचूं द्यावयाचे व त्यापुढील लेखांस वर्गणी मागावयाची, अशी योजना सुरू केली. एखाद्या सहकारी गृहसंस्थेच्या संकेतस्थळावर सूचना सर्वांस दिसाव्या, सभेचें इतिवृत्त केवळ सभासदांस दिसावें आणि थकबाकीचे कागद केवळ कार्यकारी मंडळास, अशी इच्छा असणें स्वाभाविक आहे. प्रश्न असा कीं, येथें ग्रंथपालाचें काम कोण करतो?

संकेतस्थळावरील लेख, चित्रें व कागदपत्रें सांभाळणाऱ्या आज्ञावलीस मजकूर-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल ह्यांनीं २००३ मध्यें प्रसिद्ध केलेली वर्डप्रेस ही त्यांतील सर्वांत अधिक प्रचारांत असलेली होय. आरंभींच्या काळांत तींत माणसांस ० पासून १० पर्यंत अंक देऊन त्यांची पायरी ठरवीत. परंतु सातव्या पायरीच्या माणसानें नेमकें काय करावें, हें अंकावरून कळत नसे. म्हणून २००५ च्या अखेरीस निघालेल्या २.० ह्या आवृत्तींत अंकांच्या जागीं भूमिका आल्या: व्यवस्थापक, संपादक, लेखक, सहयोगी आणि वर्गणीदार. सहयोग्यानें लिहावें, पण प्रसिद्ध करूं नये; लेखकानें स्वतःचें लेखन प्रसिद्ध करावें; संपादकानें इतरांच्याहि लेखनांत दुरुस्ती करावी; व्यवस्थापकास सर्व मोकळीक; वर्गणीदारानें केवळ वाचावें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. कोणीं कोणतें काम करावें, हें भूमिका सांगते; कोणीं काय वाचावें, हें सभासदत्वाची श्रेणी सांगते. मूळ वर्डप्रेसमध्यें लेख जाहीर, खाजगी किंवा संकेतशब्दानें बंद, एवढेच प्रकार आहेत. वाचकांच्या निरनिराळ्या श्रेणी हव्या असल्यास निराळी पुरवणी-आज्ञावली जोडावी लागते. हा भेद न जाणतां, खाजगी लेख दिसावे एवढ्यासाठीं जो तो संपादक केला, तर चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखें होतें.

आतां पहारा कसा चालतो तें पाहणें इष्ट आहे. वाचकाचा ब्राउझर आणि संकेतस्थळ जेथें वसतें तो सर्व्हर, ह्यांच्यांतील संभाषणाची रीतच अशी आहे कीं, प्रत्येक मागणी नवी समजली जाते. मागील मागणीची आठवण राहत नाहीं. म्हणून वाचकानें नांव व संकेतशब्द दिले कीं, सर्व्हर त्याच्या ब्राउझरपाशीं एक खूण ठेवतो. हिला कुकी म्हणतात. नाटकगृहाच्या दारावर दाखवावयाच्या पासासारखीच ती समजावी. पुढील प्रत्येक मागणीबरोबर ही खूण आपोआप जाते. सर्व्हर तिच्यावरून माणूस ओळखतो, त्याची श्रेणी व मुदत पाहतो, लेखास कोणती श्रेणी लाविली आहे तें पाहतो, आणि दोहोंचा मेळ बसल्यास संपूर्ण लेख, न बसल्यास आरंभींच्या चार ओळी व वर्गणीचें निमंत्रण धाडतो.

ही निवड सर्व्हरवरच झाली पाहिजे. कांहीं ठिकाणीं संपूर्ण लेख वाचकाच्या ब्राउझरपर्यंत पाठवून वर केवळ पडदा ओढतात. मजकूर तर घरीं येऊन पोहोंचलेलाच असतो. पडदा बाजूस सारण्यास फारशी विद्या लागत नाहीं.

दुसरी फट जोडपत्रांची. वर्डप्रेसमध्यें चढविलेलीं चित्रें व कागदपत्रें सामान्यतः एका उघड्या कप्प्यांत जातात, आणि त्यांचा थेट पत्ता कोणीं लिहिल्यास तीं पहारेकऱ्यास न विचारतांच हातीं पडतात. म्हणजे इतिवृत्ताच्या पानास कुलूप, पण इतिवृत्ताची प्रत ओसरीवर! अशीं कागदपत्रें उघड्या कप्प्याबाहेर ठेवून पहारेकऱ्याच्या हातूनच दिलीं पाहिजेत. तिसरी फट तयार पानांची. वेग वाढावा म्हणून एकदां बनविलेलें पान साठवून पुढच्यास देतात. सभासदासाठीं बनलेलें पान असें साठविलें गेलें, तर तेंच परक्यापुढें जातें.

अशा निष्काळजीपणाची किंमत कोण भरतो, हें २०१९ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत दिसून आलें. मालमत्तेच्या हक्काचा विमा उतरविणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील एका कागदाचा पत्ता ज्यास ठाऊक, त्यास पत्त्यांतील अंक बदलून दुसऱ्याचा कागद पाहतां येत होता. संकेतशब्द विचारणारें कोणी नव्हतें. अशीं सुमारें ८८.५ कोटी कागदपत्रें उघडीं होतीं, आणि त्यांत घर घेणाऱ्या सामान्य माणसांच्या बँक-खात्यांचे क्रमांकहि होते. चूक कंपनीची, उघड्यावर पडला तो गृहस्थाचा संसार.

हें टाळण्याचीं सूत्रें नवीं नाहींत. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर ह्या शास्त्रज्ञांनीं १९७५ मध्येंच तीं मांडून ठेविलीं आहेत. परवानगी स्पष्ट नसेल तेथें नकार द्यावा. प्रत्येक मागणी प्रत्येक वेळीं तपासावी. आणि ज्याला जेवढें काम, तेवढाच त्याला अधिकार द्यावा. त्या न्यायानें नवा लेख आधीं बंद असावा व मग उघडावा. मुदत संपलेल्याची श्रेणी आपोआप उतरावी. कार्यकारी मंडळांतून निवृत्त झालेल्याचा अधिकार त्याच दिवशीं काढून घ्यावा.

संस्थेच्या चिटणीसानें व्यवस्था लाविल्यावर एक साधी परीक्षा करावी. स्वतःची ओळख पुसून, परका म्हणून, प्रत्येक बंद पानाचा व जोडपत्राचा थेट पत्ता उघडून पाहावा. नंतर खालच्या श्रेणीचा सभासद म्हणून तेंच करावें. ह्यास एखादी संध्याकाळ पुरते. मागाहून केलेली दुरुस्ती म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. कारण एकदां बाहेर गेलेली प्रत कोणासहि परत बोलावितां येत नाहीं.