पहिला विजय हॅमिल्टनचा नव्हे, मदरवेलचा

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला, की एक विधान हमखास कानावर येतं: स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या पहिल्या खासदार विनी युइंग, मतदारसंघ हॅमिल्टन, साल १९६७. हे साफ चूक आहे. कितीदा खोडून काढलं, तरी पुन्हा छापलं जातंच.

पहिले खासदार डॉ. रॉबर्ट मॅकिंटायर. हॅमिल्टनच्या शेजारच्याच मदरवेल या पोलादनगरीतून ते १२ एप्रिल १९४५ च्या पोटनिवडणुकीत निवडून आले. त्यांना ११,४१७ मतं पडली, मजूर पक्षाच्या अलेक्झांडर अँडरसन यांना १०,८००. युइंग जिंकल्या त्याच्या तब्बल साडेबावीस वर्षं आधी!

यावर उत्तर ठरलेलं: युद्धकाळातला तो विजय धरायचा नाही. आघाडी सरकारातले पक्ष तेव्हा पोटनिवडणुकीत एकमेकांविरुद्ध उमेदवार देत नसत, त्यामुळे हुजूर पक्ष रिंगणात नव्हता, हे खरं. मॅकिंटायर यांना त्याचा फायदाही झाला. पण म्हणून मतं खोटी ठरतात का? शंका असेल त्यांनी हॅन्सार्ड या ब्रिटिश संसदेच्या अधिकृत नोंदींत १७ एप्रिल १९४५ चं कामकाज वाचावं. पोटनिवडणुकीतून आलेल्या खासदाराला दोन सदस्यांनी सभागृहात आणायचं, हा १६८८ पासूनचा नियम. मॅकिंटायर यांनी कोणाचाही हात धरून आत यायला नकार दिला. त्यावर चर्चा झाली, मतदान झालं आणि त्यांना सूट नाकारली गेली. दुसऱ्या दिवशी निषेध नोंदवून, दोन सदस्यांसोबत येऊन त्यांनी शपथ घेतली. जुलैच्या सार्वत्रिक निवडणुकीत अँडरसन यांनी ती जागा जिंकली. कारकीर्द जेमतेम तीन महिन्यांची, म्हणून माणूसच यादीतून गाळायचा?

युइंग यांचं श्रेय यानं तसूभरही कमी होत नाही. त्यांच्या विजयापासून या पक्षाचा एक तरी खासदार वेस्टमिन्स्टरमध्ये कायम निवडून येत राहिला, आणि हे मदरवेलला साधलं नव्हतं.

‘मदरवेल म्हणजे मजूर पक्षाचा बालेकिल्ला’ हेही अर्धसत्य. १९१८ ते १९७४ या मतदारसंघाच्या आयुष्यात १९१८, १९२३ आणि १९३१ साली हुजूर गट जिंकला होता.

मदरवेलच्या १९२२ च्या निकालाशी जोडलेला आणखी एक गैरसमज आहे: मुंबईत जन्मलेले शापूरजी सकलातवाला त्या साली ब्रिटिश संसदेवर कम्युनिस्ट उमेदवार म्हणून निवडून आले, असंही सांगतात. ते कम्युनिस्ट होतेच, पण त्या वर्षी मजूर पक्षातर्फे उभे होते. थेट कम्युनिस्ट म्हणून तेव्हा जिंकले ते वॉल्टन न्यूबोल्ड, आणि तेही मदरवेलमधूनच.