पारायण की नित्यपाठ?

जानेवारी उजाडला की महाविद्यालयांतून वाचनाच्या संकल्पांची चर्चा सुरू होते. कोणी वर्षात पन्नास पुस्तके वाचण्याचे ठरवतो, कोणी आठवड्याला एक, तर कोणी मैत्रिणीशी पैज लावून शंभराचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. राज्य शासनानेही २०२५ च्या जानेवारीचा पहिला पंधरवडा ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ या नावाने साजरा केला, आणि १५ ऑक्टोबर हा दिवस तर २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातोच. संकल्पांची वाण नाही. मात्र संक्रांतीला केलेला संकल्प शिमग्यापर्यंत टिकला, असे उदाहरण विरळा, आणि त्याचे खापर नेहमी विद्यार्थ्याच्या आळसावर फुटते. हा आरोप निदान पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात तरी तपासून पाहिला पाहिजे.

या परिसराची घडण वेगळी आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने पुढे माळरानांचे भूखंड पाडले. १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि नंतर मोटारींचे नवे कारखाने चाकणकडे सरकले. त्यांच्यामागोमाग मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून मुले आली. त्यांतील पुष्कळ जण एकाच वेळी विद्यार्थी आणि कामगार आहेत. कोणी शिकाऊ उमेदवार म्हणून यंत्रावर उभा राहून मुक्त विद्यापीठाची पदवी करतो, तर कोणी सकाळी महाविद्यालयात तास करून दुपारी दुसऱ्या पाळीला जातो. महाळुंगे किंवा खराबवाडीला चौघांत एक खोली, खानावळीचा डबा आणि कंपनीची बस हा त्याचा संसार. साडेआठ तासांची पाळी, तळेगाव चौकातील वाहतुकीच्या कोंडीसह जाण्यायेण्याचे दोन तास, महाविद्यालयाचे चार तास आणि सात तासांची झोप धरली, तर चोवीसांतून उरतात अडीच. त्यातच आंघोळ, जेवण, कपडे धुणे, घरी फोन आणि परीक्षेचा अभ्यास. अशा मुलाने वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प करणे म्हणजे उत्पन्न न पाहता अंदाजपत्रक मांडण्यासारखे आहे. तूट येणारच.

पण वेळेच्या तुटीपेक्षाही आकड्याची भाषा अधिक विचार करण्याजोगी आहे. तासाला किती नग निघाले याचा हिशेब पाळीच्या अखेरीस फलकावर लागतो; तोच हिशेब मुलाने खोलीवर येऊन पुस्तकांनाही लावला. नगावर मजुरी ठरली की काय होते, हे अर्थशास्त्राला जुने माहीत आहे. संख्या वाढते, कस उतरतो, आणि कामगार अवघड नग बाजूला सारून सोपे उचलू लागतो. वाचनातही नेमके हेच घडते. आकडा गाठण्यासाठी बारीक पुस्तके निवडली जातात, जाडजूड कादंबरी किंवा इतिहासाचा ग्रंथ कपाटातच राहतो, आणि एखाद्या पानावर थांबून विचार करणे म्हणजे उत्पादनात खोळंबा वाटू लागतो. मग एक महिना परीक्षेत गेला की मागे पडलेल्या आठ पुस्तकांचे कर्ज डोक्यावर बसते, आणि कर्ज फिटण्यासारखे नाही असे दिसताच मनुष्य हिशेबाची वहीच मिटवतो. येथे आळसाचा संबंध फारसा नाही.

आकड्याला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नव्हे. ज्याच्या घरात पुस्तक नव्हते, ज्याला काय वाचावे हे सांगणारे कोणी नव्हते, त्याला निदान मोजण्यापुरता एक धागा हाती लागतो. प्रश्न एवढाच की मोजायचे काय?

त्याचे उत्तर याच भूमीत मिळते. पिंपरी आणि चाकण यांच्यामध्ये इंद्रायणीकाठी देहू आणि आळंदी आहेत. वाचनाचा नेम हा शब्द येथे काही नवा नाही. वारकरी परंपरेने वाचनाच्या दोन रीती सांभाळल्या आहेत. एक पारायण: ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय, सुमारे नऊ हजार ओव्या, सात दिवसांत पूर्ण करायच्या, म्हणजे रोज जवळजवळ तेराशे. त्यासाठी सप्ताह मांडला जातो, मंडप पडतो, गावकरी पंगतीची सोय करतात, आणि वाचणारा त्या सात दिवसांपुरता प्रपंचातून बाजूला होतो. दुसरी रीत नित्यपाठाची. शेतातून परतलेला माणूस दिवेलागणीला हरिपाठ म्हणतो किंवा चातुर्मासात रोज चार ओव्या अर्थासह वाचतो. त्यात किती झाले हे कोणी विचारत नाही. आज झाले की नाही, एवढेच विचारले जाते. खंड पडला तर मागची थकबाकी धरली जात नाही, दुसऱ्या दिवशी पुढचे पान उघडते. सप्ताहाची सोय नसताना बाराही महिने पारायण करू पाहणे, ही आजच्या संकल्पांची गफलत आहे.

चाकणच्या औद्योगिक क्षेत्रालगत भामचंद्राचा डोंगर आहे. तुकोबांच्या एकांतवासाशी परंपरेने त्याचे नाव जोडलेले आहे. दुकान, दुष्काळ आणि दिवाळे या सर्वांतून गेलेल्या या वाण्याने संतांची काही वचने आपण पाठ केली, असे आत्मकथनात सांगितले आहे. काही, एवढाच शब्द. किती, हे मोजून सांगितलेले नाही.

नित्यपाठाचे गणित साधे आहे. रोज दहा पाने, आणि वर्षातील पासष्ट दिवस परीक्षा, आजारपण, गावची जत्रा, जादा पाळी यांना सोडून दिले, तरी तीनशे दिवसांत तीन हजार पाने होतात. अडीचशे पानांची बारा पुस्तके! दहा पानांना बसच्या प्रवासातील वीस मिनिटे लागतात. कंपनीची बस कोंडीत उभी असतानाचा वेळ मोबाईलच्या पडद्यावर जातोच. त्यातील तिसरा हिस्सा वळवला तरी भागते. पारायणाची हौस असेल, तर ती दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवावी.

येथवर जबाबदारी विद्यार्थ्याची. यापुढे ती त्याची नाही. बाबासाहेब आंबेडकर १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी दार उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत वाचत बसत, ही गोष्ट प्रत्येक वाचन प्रेरणा दिनी सांगितली जाते. अर्धपोटी राहून केलेल्या त्या तपश्चर्येपुढे नतमस्तक व्हावेच. पण ते दार दिवसभर उघडे होते, हेही सांगायला हवे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. तरी सकाळी काही तास आणि सायंकाळी काही तास ही वाचनालयांची जुनी वेळ अनेक ठिकाणी कायम आहे. ती निवृत्त गृहस्थाला सोयीची आहे. पहिल्या पाळीचा मुलगा सकाळी कामावर असतो, दुसऱ्या पाळीचा सायंकाळी. आणि पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर त्याला वाचनालयाचे दार आठवडाआड बंदच दिसते. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात खऱ्या, पण तेथे स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शक ग्रंथच उघडतात. कथा-कविता वाचणाऱ्याने जागा अडवली, असे शेजाऱ्याला वाटते. त्या शेजाऱ्याचाही दोष नाही, त्याला नोकरी हवी आहे.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांतील चौथे. पिंपरीने जानेवारी २०१६ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन थाटाने भरवले. त्या थाटाच्या मानाने फार थोड्या खर्चात चाकण, भोसरी, आकुर्डी येथे रात्री अकरानंतर तासभर उघडी राहणारी देवघेवीची खिडकी चालवता येईल. कारखान्याच्या उपाहारगृहात, बस सुटते त्या फाटकाशी, एक कपाट ठेवता येईल. आणि आणखी एक बारीकशी गोष्ट, जिच्यासाठी पैसाही लागत नाही. पंधरा दिवसांत पुस्तक परत करण्याचा नियम जेथे आहे, तेथे रोज दहा पाने वाचणाऱ्याची तीनशे पानांची कादंबरी अर्ध्यावर असतानाच दंडाची पावती फाटते. त्या मुलासाठी मुदत एक महिन्याची करावी.