ट्रॅक्टरची शेपटी

माझा भाचा कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका शेतावर काम करतो. सॅस्काटून शहरापासून तासाभराच्या वाटेवर गव्हाची शेती आणि गाई-वासरांचा मोठा कळप असा तिथला पसारा आहे. पहिल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला तो हसतच. म्हणाला, ‘‘मामू, इदर गाड्यांकू दुम रहती!’’

गाड्यांना शेपटी असते म्हणजे काय, हे मला कळेना. मग त्यानं सांगितलं. तिकडच्या मोटारींच्या, ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीतून विजेची एक वायर लोंबत असते. तिच्या टोकाला, आपल्या इस्त्रीला असते तशी पिन. रात्री गाडी उभी केली की ती पिन भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायची. कचेऱ्यांच्या आवारातही गाड्या उभ्या करायच्या जागेवर सॉकेटचे खांब रांगेनं उभे असतात. गाडी चालते डिझेलवर आणि रात्री तिला वीज! मीही हसलो.

दोन आठवड्यांनी त्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा आवाजात हसू नव्हतं. तिकडे पहाटेचे सहा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. बाहेर उणे चौतीस अंश. आदल्या रात्री ट्रॅक्टरची पिन लावायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो विसरला होता. गाई वैरणीची वाट बघत अंधारात उभ्या होत्या. थंडी जितकी कडक, तितकी जनावराला वैरण जास्त लागते, कारण अंगातली ऊब त्या चाऱ्यातूनच तयार होते. तिथले वैरणीचे गोल गठ्ठे पाचशे-सहाशे किलोचे. ते माणसांना हलत नाहीत, ट्रॅक्टरच हवा. आणि ट्रॅक्टर दोनदा घरघरून गप्प झाला होता. शेवटी पाच किलोमीटरवरच्या शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला, तोवर साडेदहा वाजले. ‘‘मालक काही बोलला नाही मामू, पण त्याचं न बोलणंच लागलं,’’ भाचा म्हणाला.

मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. यंत्राचं मला काय कळणार? पण शंभर-दीडशे घोड्यांच्या ताकदीचं यंत्र थंडीपुढे असं हात का टेकतं, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने मेस्त्री आहेत. त्यांच्याशी बोललो, थोडं वाचलं आणि जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या या इंजिनाची सारी करामत दाबलेल्या हवेत आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी खालच्या बाजूला गरम लागते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात दट्ट्या हवेला दाबून तिचा आकार साधारण पंधराव्या ते विसाव्या हिश्श्यावर आणतो. ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. म्हणजे या इंजिनाची काडेपेटी म्हणजे ही तापलेली हवाच.

आता थंडी काय करते ते पाहा. आपल्याकडे हवा तीस अंशांवरून तापायला लागते, भाच्याकडे उणे तीसवरून. सुरुवातीलाच साठ अंशांची तूट. दाबताना ही तूट भरून निघत नाही, उलट शेवटी ती दुपटीहून अधिक होते. त्यात सभोवतालचं लोखंड बर्फासारखं गार. दाबून जी थोडी उष्णता आली, ती हे लोखंड शोषून घेतं. 

दुसरी अडचण ऑईलची. इंजिन ऑईल थंडीत काकवीसारखं घट्ट होतं. डब्यावर ‘पंधरा डब्ल्यू चाळीस’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पंधरा डब्ल्यूच्या ऑईलची थंडीतली चाचणी उणे वीस अंशांवर होते, शून्य डब्ल्यूची उणे पस्तीसवर. आकडा जितका लहान, तितकं ते ऑईल थंडीत पातळ राहतं. घट्ट ऑईलमध्ये इंजिन फिरवायला स्टार्टरला जास्त जोर लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरी कच खाते, कारण तिच्यातली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे अठरा अंशांना चांगल्या बॅटरीचीही ताकद जवळपास निम्मी होते. इंजिन सावकाश फिरलं की दाबलेली हवा फटींतून निसटते आणि ती तापायची तेवढी तापत नाही. एकाची अडचण दुसऱ्याची अडचण वाढवत जाते.

तिसरी अडचण खुद्द डिझेलची. त्यात मेणासारखा अंश असतो. हिवाळ्यात आपली खोबरेल तेलाची बाटली गोठते, तसे थंडीत डिझेलमध्ये मेणाचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. खोबरेल गोठलं तर आपण बाटलीवर जोर काढत बसत नाही. ती उन्हात ठेवतो, नाहीतर गरम पाण्यात उभी करतो. थंडीतल्या इंजिनावरचा उपाय याच जातीचा आहे. जोर वाढवायचा नाही, आधी ऊब द्यायची.

आपल्याकडे हे कोणालाच माहीत नव्हतं असं नाही. १९८०च्या आसपास माझे अब्बा परभणी जिल्ह्यात एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. ट्रॅक्टरची बॅटरी कायम आजारी. संध्याकाळी अब्बा ट्रॅक्टर घरासमोर न लावता गावाबाहेरच्या उतारावर लावायचे. सकाळी ब्रेक सोडायचा, ट्रॅक्टर उताराला लागला की गिअरमध्ये क्लच सोडायचा. इंजिन धक्क्यानं उचलायचं. फारच गारठा असला तर काठीला डिझेलची चिंधी बांधून पेटवायची आणि हवा आत जाते त्या तोंडाशी धरायची, म्हणजे आत गरम हवा जाई. एकदा जाळ उलटला आणि अब्बांच्या भुवया जळाल्या. आईनं हळद-खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा चिंधी घेऊन निघाले, कारण ट्रॅक्टर चालू झाला नाही तर त्या दिवसाची मजुरी नव्हती.

उत्तर अमेरिकेतले शेतकरीही असेच प्रयोग करत आले होते. रात्री रेडिएटरचं पाणी काढून ठेवायचं, कारण पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचं बीड तडकवतं. सकाळी चुलीवर पाणी तापवून ते भरायचं. कोणी ऑईलच्या पात्राखाली निखाऱ्यांची पाटी सरकवायचं. यात गोठे आणि ट्रॅक्टर दोन्ही पेटायची भीती.

विजेची ही शेपटी आली ती १९४०च्या दशकात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स नावाचं गाव आहे, कॅनडाच्या सीमेजवळ, तितकंच थंड. तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाला आतून ऊब देणारा विजेचा हीटर बनवला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्याच्या जागी हा हीटर बसवायचा, अशी ती युक्ती होती.

हा शोध एका वीज सहकारी संस्थेत लागला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९३५च्या सुमारास अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. खासगी कंपन्यांना दूरदूरच्या शेतांपर्यंत तारा नेणं परवडत नव्हतं. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभी केली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या, सरकारी कर्जातून खांब उभे राहिले. आपल्याकडे मुळा-प्रवरा भागात वीज वाटपाची सहकारी संस्था अनेक वर्षं होती, ती ज्यांना आठवते त्यांना यातलं मर्म कळेल. गोठ्यात आधी वीज पोचली, म्हणून ट्रॅक्टरला हीटर लावता आला. नाहीतर पिन खोचणार कुठे?

आजचा हीटर बहुधा इंजिनाच्या ब्लॉकमध्ये असतो. आपण बादलीत पाणी तापवायला रॉड टाकतो ना, तसाच एक छोटा रॉड इंजिनाभोवती खेळणाऱ्या कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं न गोठणारं मिश्रण. निम्मं-निम्मं असलं तर ते उणे पस्तीसच्या पलीकडेही तग धरतं. रॉड खाली असतो; तापलेलं कूलंट वर जातं, गार खाली येतं आणि हळूहळू सगळं लोखंड कोमट होतं. काही ट्रॅक्टरना ऑईलच्या पात्राला चिकटवायची गरम गादी असते, काहींच्या बॅटरीला विजेवर तापणारी गोधडी.

ट्रॅक्टरचा हीटर साधारण हजार ते दीड हजार वॅटचा, म्हणजे आपल्या बादलीतल्या रॉडएवढाच. नियमही तेच. रॉड पाण्याबाहेर चालू केला तर जळतो, तसा कूलंट कमी असताना हीटर जळतो. वायर उंदरांनी कुरतडलेली नको, जोडवायर बारीक नको. दोन्हींतून आग लागते. आणि रात्रभर चालू ठेवायची गरज बहुतेक वेळा नसते. दीड हजार वॅटचा हीटर बारा तास चालला तर अठरा युनिट जळतात, तीन तास चालला तर साडेचार. म्हणून मध्ये एक टायमर लावतात. माणूस झोपेत असतो आणि पहाटे तीनला हीटर आपोआप चालू होतो. थंडी फार कडक किंवा इंजिन फार मोठं असेल, तर तासभर आधी.

दोन गोष्टी मात्र जीवावरच्या आहेत. इंजिन उचलत नाही म्हणून काही जण हवेच्या तोंडाशी ईथरचा फवारा मारतात. ज्या इंजिनात हवा तापवणारी तार किंवा ग्लो प्लग आहे, तिथे हा फवारा भलत्या वेळी पेटून स्फोट होऊ शकतो. दुसरं, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गरम करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास, ना रंग. माणूस बसल्या जागी जातो.

आपल्या देशात हा प्रश्न लडाखमध्ये खराखुरा आहे. तिथे डिझेलच्या टाकीखाली जाळ करून गाड्या चालू करण्याची वेळ ड्रायव्हरवर येई. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑईलनं लडाखसाठी उणे तेहतीस अंशांपर्यंत न थिजणारं खास हिवाळी डिझेल आणलं. ते बनलं पानिपतच्या रिफायनरीत. पानिपतच्या थंडीची आठवण मराठी माणसाला वेगळी सांगायला नको.

महाराष्ट्रात असा हीटर लागत नाही. निफाडला पारा अगदी खाली उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तरी ट्रॅक्टरला तेवढी थंडी चालते. पण त्या थंडीचे धडे आपल्याला उपयोगाचे आहेत. डिसेंबरआधी बॅटरी तपासून घ्यावी, तिची टोकं घासून घट्ट करावीत. ऑईल पुस्तिकेत सांगितलेल्याच ग्रेडचं घालावं. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावं. इंजिन चालू झाल्याबरोबर रेस करू नये. ऑईल सगळीकडे पोचायला थोडा अवधी लागतो आणि तेवढ्या वेळात कोरडं लोखंड लोखंडावर घासतं. आणि पेटती चिंधी तेवढी कायमची सोडून द्यावी.

या जानेवारीत भाच्याचा फोन आला. उणे छत्तीस होतं म्हणाला. ट्रॅक्टर एका सेल्फमध्ये चालू झाला, गाईंना वैरण पोचली आणि तो चहा पीत होता. रात्री झोपण्यापूर्वी दाराची कडी बघतो तशी पिन बघून येतो, असं त्यानं सांगितलं. मी त्याला त्याच्या नानांच्या उताराची गोष्ट सांगितली. ती त्याला माहीत नव्हती. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग विचारलं, ‘‘मामू, नाना रोज रात्री तिथून घरी चालत यायचे?’’

रोज यायचे. दीड किलोमीटर.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)