दख्खनच्या लाव्हाथरांमधील ऑस्ट्राकॉड : कवचरचना व वर्गीकरण

ऑस्ट्राकॉड हे कवचधारी गटातील, बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास लांबी असलेले जलचर होत. त्यांचे कॅल्साइटयुक्त कवच दोन शकलांचे असून ती पृष्ठबाजूस बिजागरीने जोडलेली असतात. वाढीच्या काळात हे प्राणी वेळोवेळी कात टाकतात. त्यामुळे लहान शकल आढळले म्हणून ती निराळी जाती मानणे युक्त नव्हे. सजीव ऑस्ट्राकॉडच्या वर्गीकरणात उपांगांना प्राधान्य असते. जीवाश्मांत मात्र उपांगे क्वचितच टिकतात. तेथे कवचाचा आकार, नक्षी, बिजागरी, कडेची रचना व स्नायूंचे ठसे एवढाच आधार उरतो.

१८४० मध्ये सोवर्बी यांनी दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळातून 'सायप्रिस सबग्लोबोजा' ही जाती वर्णिली. नागपूर परिसरातील जीवाश्मांवर जोन्स यांनी १८६० मध्ये टिपण प्रसिद्ध केले. पुढे ही जीवाश्म जाती 'पॅरासायप्रेटा' प्रजातीत समाविष्ट करण्यात आली. आजच्या तळ्यांतील सजीव प्राण्यांसाठी मात्र मूळ नावच रूढ राहिले. परिणामी सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे अंतर असलेले जीव एकाच नावाने ओळखले गेले. केवळ नामसाम्यावरून एखादी जाती दीर्घजीवी ठरविण्यापूर्वी शकलाची आतील बाजू तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.